नव्वद सेकंदांचा उद्या

आशा मोजता येते हे सिद्ध होऊन अकरा वर्षे झाली होती, आणि मोजता येणाऱ्या कोणत्याही गोष्टीचे आपल्याकडे जे होते ते तिचेही झाले होते. तिच्यासाठी एक संचालनालय निघाले होते.

मूळ शोध प्रामाणिक होता. हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढच्या हकिगतीत या शब्दाचा उपयोग करण्याची संधी फारशी येणार नाही. मेंदूच्या आत, कानशिलाच्या पातळीवर, वळकटीसारखा एक लहानसा भाग असतो. आठवणी तिथे जुळवल्या जातात. अपघातात किंवा आजारात तो भाग गमावलेल्या माणसाला कालचे काही सांगता येत नाही, हे जुनेच ज्ञान. परंतु अशाच रुग्णांना ‘उद्या तुम्ही काय कराल?’ असे विचारले तेव्हा तेही त्यांना सुचेना. समोर नुसती कोरी भिंत दिसते, असे ते म्हणू लागले. यावरून कळले ते एवढेच, की मागचे आठवणे आणि पुढचे कल्पिणे ही दोन्ही कामे एकाच कारखान्यात चालतात. जुन्या घरांच्या विटा काढून मेंदू नवे घर बांधतो. ज्याच्याकडे विटा नाहीत त्याला उद्या नाही.

पुढे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीने कवटीच्या आतला रक्तप्रवाह टिपणारी टोपी निघाली, आणि हे बांधकाम पडद्यावर आलेखाच्या रूपाने पाहता येऊ लागले. इथपर्यंत ज्ञान होते. इथून पुढे प्रशासन सुरू झाले. पद्धत अशी ठरली: आधी नव्वद सेकंद माणसाने आपल्या गावातला एखादा सरलेला दिवस आठवायचा. मग नव्वद सेकंद त्याच गावातला वीस वर्षांनंतरचा दिवस डोळ्यांपुढे आणायचा. दुसऱ्या आलेखातून पहिला वजा करायचा. उरेल ती आशा. तिला ‘आशांक’ असे सुटसुटीत नाव मिळाले, आणि तिचे प्रमाणीकरण पुण्यातल्या चारशे बारा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाले, ज्यांच्यापाशी आठवण्यासारखे अजून फारसे काही साठले नव्हते.

त्यानंतर एका पाहणीत आढळले की ज्या किनारी गावांचा आशांक मोठा, त्या गावांनी चढत्या समुद्रापुढे आपले बांध नीट राखले आहेत. पूर्वी कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करायला शासनाला निदान एखादा आयोग लागत असे. या वेळी एका परिपत्रकात भागले. ज्या गावाचा आशांक पस्तीसच्या वर, त्यालाच यापुढे बांध मिळेल. त्याखालची गावे ‘स्थलांतरयोग्य’.

अक्षता ठाकर या संचालनालयात क्षेत्रमापक होती. नियमावलीतल्या चौदाव्या कलमानुसार मापकाला स्थानिक बोली येणे आवश्यक होते आणि पंधराव्यानुसार मापकाचा त्या गावाशी संबंध नसणे आवश्यक होते. मालवणी बोलणारी मापक संचालनालयात एकच होती. संगणकाने आधी येणारे कलम आधी पाळले, आणि आडखोल गावात आशा किती शिल्लक आहे हे मोजण्यासाठी आडखोलच्याच मुलीला पाठवले.

ती सोळा वर्षांनी गावात येत होती.

*

आडखोल खाडीच्या काठावर होते, आणि दरवर्षी थोडे थोडे खाडीत होते. नऊ वर्षांपूर्वी एका उधाणात पश्चिमेचा बांध फुटला, तेव्हापासून निम्म्या भातशेतीत खारे पाणी खेळत होते. नारळाची झाडे उभ्या उभ्या करपली होती. बांधाच्या दुरुस्तीचा अर्ज नऊ वर्षे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर प्रवास करत होता आणि आता तो अक्षताच्या टोपीपाशी येऊन थांबला होता.

पहिल्या दोन दिवसांत शाळेच्या वर्गात तिने त्रेचाळीस माणसे मोजली. सरासरी आली चार.

यंत्रात बिघाड नव्हता. तिने तीनदा तपासले. बिघाड माणसांत होता. वीस वर्षांनंतरचा दिवस डोळ्यांपुढे आणा आणि बोला, असे सांगितले की ती सगळी मागे जात. द्वारकाकाकी मोरजे, वय एकोणसत्तर, टोपी डोक्यावर बसल्या बसल्या आधी तिच्या वजनाबद्दल कुरकुरल्या आणि मग सांगू लागल्या की त्यांच्या आजेसासूने बांधावर तिवरांची, म्हणजे खारफुटीची, रोपे लावली तेव्हा तिला कोणी कोणी वेड्यात काढले. नावे घेता घेता नव्वद सेकंद संपले आणि घंटा वाजली. काकींना वाईट वाटले. अजून मुख्य गोष्ट तर सुरूच व्हायची होती, म्हणाल्या. बाबल घाडी, जो फुटक्या बांधालगतच राहत होता आणि ज्याच्या परसात भरतीचे पाणी विचारपूस न करता येत-जात असे, तो आपल्या पणजोबांपासून निघाला आणि घंटेपर्यंत वडिलांपर्यंतही पोहोचला नाही. प्रत्येकाचे दोन्ही आलेख एकमेकांवर असे बसत होते, जणू एकाच माणसाच्या दोन छायाप्रती. वजाबाकी केली की हाती काही उरत नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील आले.

लवू ठाकर चित्रकथी होते. ठाकरांच्या घरात चित्रांची पोथी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली: हाताने रंगवलेली सुटी पाने, पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एकेक पान समोर धरायचे आणि त्यावरची कथा गाऊन, बोलून सांगायची. घरची रीत अशी की पहिले पान गणपतीचे, दुसरे सरस्वतीचे, आणि एकदा पोथी उघडली की शेवटचे पान दाखवल्याशिवाय मिटायची नाही. मग ऐकायला दोनशे माणसे असोत की एक कुत्रा. अठराव्या वर्षी अक्षताने ही पोथी हाती घ्यायला नकार दिला होता, तोही चार पाहुण्यांसमोर. तुमच्या चित्रांत सगळी मेलेलीच माणसे असतात, असे ती म्हणाली होती. त्यानंतर दोघांमध्ये बोलणे झाले ते प्रकृती आणि पाऊस यांपुरते, फोनवर, सणावारी.

त्यांनी टोपी मुकाट्याने घालून घेतली. पक्षाघाताच्या हलक्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात थरथरत असे. तो त्यांनी डाव्या हाताखाली दाबून धरला. अक्षताने परक्या माणसाला विचारावा तसा ठरलेला प्रश्न विचारला. लवूंनी डोळे मिटले आणि गणपतीला आवाहन सुरू केले. सोंडेचे वर्णन झाले, मोदकाचे झाले, उंदराचे चालू असताना घंटा वाजली.

आशांक शून्य.

‘‘किती इले?’’ त्यांनी विचारले.

‘‘शून्य, आबा.’’

‘‘बाबल्याक किती?’’

‘‘पाच.’’

‘‘त्याका पाच?’’ लवूंना हे मनापासून लागलेले दिसले. ‘‘त्याका सादी आरती येना नाय.’’

मग ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले की तू माझी पोथी उंदरावर अडवून ठेवली आहेस. आता ती मिटताही येत नाही आणि पुढेही जात नाही. हे त्यांनी रागाने म्हटले नाही. वैद्य दुखण्याचे नाव सांगतो तसे सांगितले.

*

उपसंचालक डॉ. हृषीकेश दंडवते पडद्यावर नेहमीच प्रसन्न दिसत. आशेच्या क्षेत्रात काम करणाऱ्याला ते आवश्यकच होते. चार हा आकडा ऐकून त्यांचा चेहरा जराही पडला नाही. अशी गावे असतात, ते म्हणाले, भूतकाळात रुतलेली. त्यावर उपाय आहे. आशापट दाखवा.

आशापट म्हणजे सात मिनिटांचा चित्रपट. गावाचे उपग्रहचित्र आणि चार छायाचित्रे दिली की यंत्र त्याच गावाचे वीस वर्षांनंतरचे झळझळीत रूप तयार करी. तो पाहिलेल्या माणसांचा आशांक पन्नासच्या वर जातो आणि तीन आठवडे टिकतो, असा अनुभव होता. अक्षताला त्यातली मेख ठाऊक होती. आशापट पाहिलेला माणूस भविष्य कल्पित नाही. पाहिलेला चित्रपट आठवतो. पण त्या नव्वद सेकंदांच्या टप्प्याचे नाव कागदावर ‘कल्पना’ असल्यामुळे यंत्र त्याला कल्पना म्हणते. ज्या अकरा गावांत ही युक्ती चालली, तिथल्या फेरतपासणीचे अहवाल तिने वाचले होते. तिथे आता कोणी बांधावर चढत नसे. चित्रपटातली माणसे येऊन काम करतील याची वाट पाहत लोक ओट्यांवर बसत.

तिने हे दंडवत्यांना सांगितले. त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकले, आणि त्यावर एक निबंध लिहायला हरकत नाही, असे सुचवले.

‘‘पण अक्षता, तुम्हांला गाव वाचवायचं आहे ना?’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘मग प्रश्न काय आहे?’’

चार आकडा पाठवला तर पावसाळ्याआधी गाव उठणार होते. पन्नास पाठवला तर बांध मिळणार होता. लबाडी होती खरी. पण ज्या मोजमापाने तिच्या बापाला शून्य दिले त्याच्याशी लबाडी करण्यात पाप कोणते, हे तिला कुठल्याही शास्त्रात सापडेना. तिने दुसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीवर आशापट लावला.

आडखोल भिंतीवर उजळले. खाडीकडेने सरळ, पांढरीशुभ्र भिंत गेली होती. तिच्यावरून फिरायला रस्ता, रस्त्यावर दिवे, आणि पतंग घेऊन धावणारी एक मुलगी, जी गावातल्या कोणासारखीच दिसत नव्हती. भात गुडघाभर हिरवे होते. माणसे पाहत होती. चित्रपट संपल्यावर बाबल घाडीने घसा खाकरला.

‘‘गाव बरो आसा. खंयचो म्हणायचो?’’

‘‘आपलोच तो, बाबलकाका. आडखोल.’’

‘‘होय? मगे उघाडी खंय आसा?’’

सगळे वळून भिंतीकडे पाहू लागले, जणू चित्रपट संपला नसून लपला होता. उघाडी म्हणजे बांधातली फळ्यांची मोरी: ओहोटीला उघडून शेतातले पावसाचे पाणी खाडीत सोडायचे, भरतीला मिटून खाडीचे खारे पाणी बाहेर अडवायचे. उघाडीशिवाय बांध म्हणजे भोक नसलेली न्हाणी. अक्षताने चित्रपट पुन्हा लावला. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होती. द्वारकाकाकी म्हणाल्या की वरून पाऊस पडणार, डोंगरातला ओहोळ येणार, आणि ते सगळे पाणी काय त्या पतंगवालीने ओंजळीने बाहेर टाकायचे? वर्गात हशा पिकला. सोळा वर्षांत अक्षताने इतकी माणसे एकदम हसताना ऐकली नव्हती.

तिने त्याच दुपारी योजनेचा नकाशा मागवून पाहिला. भीती खरी निघाली. आशापट पाहून मोठा आशांक मिळवणाऱ्या गावात बांध आशापटाबरहुकूमच बांधला जात होता. लोकांनी स्वतः कल्पिलेले भविष्य लोकांना द्यायचे, असे धोरण होते. नकाशात उघाडी नव्हती. दोन पावसाळ्यांत गाव आतून बुडाले असते, आणि त्या वेळीही कागदावर त्याचा आशांक चोपन्न असता.

*

ती संध्याकाळी, गावात आल्यापासून पहिल्यांदाच, घरी गेली. ओटीवर पाटावर पोथी होती. गणपतीचे पान वर, उघडे. लवू शाळेतून परत आल्यापासून ती तशीच होती. लवू तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसले होते आणि डाव्या हातात कोळसा धरून एका पानावर काहीतरी काढत होते. अक्षता समोर बसली. चित्रपटाची हकिगत त्यांच्यापर्यंत पोहोचली होती.

‘‘आबा, वीस वर्षांनंतरचं विचारलं तर तुम्ही गणपतीपासून का सुरू केलंत?’’

‘‘मगे खंयसून सुरू करतलंय?’’ त्यांना प्रश्नच कळला नव्हता. ‘‘शेवटचा पान पयला दाखवलंय तर तेका कोण वळखतलो?’’

चारशे बारा विद्यार्थी, अकरा वर्षे, मोजलेली सव्वादोनशे गावे. भविष्यातून भूतकाळ वजा केला की जे उरते तिला आशा म्हणायचे, हे ज्यांनी ठरवले त्यांनी कधी कोणाला कथा सांगितली नसावी, आणि ऐकली तर मुळीच नसावी. या गावात पुढचे मागच्यातूनच सांगत. वजा करायला इथे दोन वेगळ्या रकमा नव्हत्या. आणि हे हेरण्यासाठी यंत्र लागत नव्हते. त्रेचाळीस माणसांनी ते तिला तिच्या मातृभाषेत सांगितले होते, आणि प्रत्येकाला तिने घंटा वाजवून गप्प केले होते. तिला राग आला. पण तो ओरडण्याच्या जातीचा नव्हता. तो थंड होता आणि त्याला आकडे पाठ होते.

‘‘पुरती सांगायला किती वेळ लागेल?’’ तिने विचारले.

‘‘सकाळी बसलंय तर दिवो लावच्या आधी उठतंय.’’ मग आपल्या उजव्या हाताकडे पाहून ते म्हणाले, ‘‘पानां धरूक कोण तरी होया.’’

*

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वर्गात तिने घंटा काढून कपाटात ठेवली. तेरा टोप्या होत्या. एक लवूंच्या डोक्यावर, बारा ऐकणाऱ्यांच्या. बाकीचे गाव दाटीवाटीने जमिनीवर बसले. पडदा तिने अशा जागी ठेवला की पाने धरता धरता तिला दिसावा. मग ती वडिलांच्या उजव्या बाजूला उभी राहिली आणि गणपतीचे पान तिने छातीशी, लोकांकडे तोंड करून धरले.

या वेळी उंदीर पुढे सरकला.

देवांची पाने संपल्यावर पोथीत नेहमीच्या पुराणकथा आल्या नाहीत. लवूंनी गेल्या नऊ वर्षांत काढलेली पाने आली. खाडी आली, तिच्याकाठी पहिली सात घरे आली. पहिला बांध घालणारी माणसे आली, नावानिशी. कोणाच्या डोक्यावर कोणता दगड होता तेही आले. द्वारकाकाकींची आजेसासू तिवरांची रोपे घेऊन आली आणि काकींनी पदर डोळ्यांना लावला. बांध दोनदा फुटला, दोनदा सांधला. तिसऱ्यांदा, नऊ वर्षांपूर्वीच्या उधाणात, फुटला आणि पानावर फक्त निळे पाणी आणि एक पाण्यावर तरंगणारे सूप राहिले. पडद्यावर तेरा रेषा चालल्या होत्या, आतापर्यंत प्रत्येकीची वेगळी चाल. अक्षताने पाहिले की त्या हळूहळू एकमेकींच्या जवळ येत आहेत. सांगणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा मेंदू एका लयीत येऊ लागतो, हे तिने पुस्तकात वाचले होते. पुस्तकातल्या प्रयोगात दोन माणसे होती, आणि गोष्ट दहा मिनिटांची होती.

जेवणासाठी कोणी उठले नाही. तिसऱ्या प्रहराला नवी पाने लागली. ती अजून कोणत्याही पानाला चिकटवलेली नव्हती, म्हणून त्यांच्या पाठी कोऱ्या होत्या. धरणाऱ्या अक्षताला पांढऱ्या कागदाशिवाय काही दिसत नव्हते. समोरच्या चेहऱ्यांवरूनच तिला कळत होते की पानावर काहीतरी निराळे आहे.

पानावर बांध होता, अर्धा झालेला, आणि त्यावर आडखोलची आत्ताची माणसे ओळीने उभी होती. लवू एकेकाला हाक मारून जागा सांगू लागले. वळणापाशी मोरज्यांचे घर. चिंचेखाली दोघे जण चिखल कालवायला. पश्चिमेच्या तोंडाशी, जिथे पाण्याचा मार जास्त, तिथे बाबल घाडी.

‘‘थंय माका नको,’’ बाबल म्हणाला.

कथा थांबली. लवूंनी मान वर केली.

‘‘माझो गुडघो गेलो हा. मी थंय उभो रवलंय तर बांदाआदी मीच व्हावान जातलंय.’’

‘‘मगे खंय रवतलस?’’

‘‘दगड बसवतंय. दगड माका कळता. उभे रवाक तुझ्या मोरज्यांक धाड, ती काय बसान खातत.’’

यावर मोरज्यांच्या घरातून तीन माणसे एकदम बोलू लागली. बसून कोण खाते याचा जुना हिशेब निघाला. द्वारकाकाकींनी आपल्याला चित्रात टोपली दिली आहे आणि ती रिकामी आहे अशी तक्रार केली. आपण एवढ्या म्हाताऱ्या झालो नाही. कोणी म्हणाले वळणापाशी दगड नको, तिथे आधी तिवरे हवीत, आजीने उगाच लावली नव्हती. लवू पानावर वाकून डाव्या हाताने कोळसा पुसत होते, माणसे इकडून तिकडे हलवत होते, आणि वर्गात कोणीच कोणाचे ऐकून घेत नव्हते.

अक्षताने पडद्याकडे पाहिले आणि तिच्या हातातले पान किंचित खाली आले. तेराच्या तेरा रेषा एकत्र वर चढल्या होत्या. चारशे बारा विद्यार्थ्यांपैकी एकाच्याही आलेखाने ती उंची गाठली नव्हती. सुंदर चित्र पाहताना रेषा चढल्या नव्हत्या, गणपतीलाही नाही. त्या चढल्या ‘थंय माका नको’ला. ज्या जागेवर उभे राहण्यावरून माणूस भांडतो ती जागा त्याला दिसलेली असते, पायाखालच्या चिखलासकट.

भांडण तासाभराने निवले, म्हणजे सगळ्यांना जागा मिळाल्या. मग लवूंनी शेवटचे पान पुढे केले. अक्षताने ते धरले. समोरची माणसे पाहत राहिली, आणि मग एकेक करून दुसरीकडे पाहू लागली. कोणी छताकडे, कोणी आपल्या हातांकडे. द्वारकाकाकींना मात्र संकोच परवडत नसे.

‘‘रे लवू, उघाडीर ह्या कोण उभा? ह्याका तोंडच नाय.’’

‘‘ता माका म्हायत नाय,’’ लवू सावकाश म्हणाले. ‘‘उघाडी दिसातसून दोनदा उघडूक होयी आणि दोनदा मिटूक. थंय गावात रवणाराच माणूस होया. सणाक फोन करणारा नको.’’

अक्षताने पान आपल्याकडे फिरवले. बांध पुरा झाला होता. पलीकडे भात होते, आणि मोरीच्या फळ्यांवर हात ठेवून एक बाई उभी होती. साडी नव्हती, पँट होती, आणि पाठीवर मापकांची असते तसली पिशवी. चेहऱ्याच्या जागी कोरा कागद.

पडद्यावर तेरावी, वडिलांची रेषा तिला दिसत होती. अशा रेषा वाचायला ती शिकली होती, पगार घेत होती त्याचा. तिने ती वाचली नाही.

‘‘माझं तोंड काढा, आबा.’’

लवूंनी कोळसा घेतला आणि पुन्हा खाली ठेवला.

‘‘आठवान काढलंय तर सोळा वर्सामागचा येतला,’’ ते म्हणाले. ‘‘हंय उजेडात बस. समोर.’’

ती बसली. दिवे लावण्याआधी पोथी मिटली.

*

आशांकाच्या सूत्रात तो सारा दिवस घालून तिने प्रामाणिकपणे वजाबाकी केली. भांडणाचा तास ‘आठवण’ही नव्हता आणि ‘कल्पना’ही नव्हता, म्हणून सूत्राने तो गाळला; उत्तर आले तीन. तिने तीन पाठवला, त्याच्यासोबत आठ तास वीस मिनिटांची संपूर्ण नोंद, आणि राजीनामा. पत्रात तिने एकच वाक्य लिहिले: वजाबाकी बरोबर आहे, गणित चुकले आहे.

आडखोल ‘स्थलांतरयोग्य’ ठरले. परंतु भातकापणी संपताच दुसऱ्या दिवशी गाव पानांवर ठरलेल्या जागी उभे राहिले होते, आणि ज्या तारखेला स्थलांतराचा आदेश निघाला त्या तारखेला पश्चिमेकडे दीडशे हात बांध उभा होता. चालू काम थांबवायला एका अधिकाऱ्याची सही लागते. कामे न करण्याबद्दल आजवर कोणाची चौकशी झालेली नाही. पण काम थांबवण्यावर स्वतःचे नाव लिहून देणारा अधिकारी त्या खात्यात अजून जन्माला यायचा होता. फाइल विचाराधीन राहिली. पावसाळ्यात वळणापाशी थोडा बांध खचला. तिथे तिवरेच हवी होती, हे म्हणणाऱ्यांनी ते पुढे चार महिने ऐकवले.

डॉ. दंडवत्यांनी त्या नोंदीवर एक निबंध लिहिला आणि त्याची बरीच वाखाणणी झाली. त्यानुसार पद्धत सुधारण्यात आली.

पुढच्या हिवाळ्यात सुधारित पद्धत घेऊन नवीन मापक आल्या. पन्नाशीच्या, लातूरकडच्या, बांधावरून चालताना चपला हातात घेतलेल्या. अक्षता उघाडीवर होती. बाईंनी श्वास घेऊन सांगितले की आता तीन टप्पे असतात: नव्वद सेकंद आठवण, नव्वद सेकंद कल्पना, आणि नव्वद सेकंद सामूहिक मतभेद.

‘‘मतभेदाला नव्वद?’’ अक्षताने विचारले.

‘‘हो. आणि तो रचनात्मक असावा, असं लिहिलंय.’’ बाईंनी जरा इकडेतिकडे पाहिले. ‘‘मला पण ते कळलेलं नाही, खरं सांगते.’’

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी टोपी पुसून पुढे केली, ओढणीने घाम टिपला आणि कागदावरचा प्रश्न वाचला: वीस वर्षांनंतरचा, याच गावातला एक दिवस.

ओहोटी नुकतीच लागली होती. अक्षताने उघाडीच्या फळ्या एकामागून एक वर ओढल्या. शेतातले पाणी वाट मिळताच खाडीत निघाले. मग तिने हात पुसले, टोपी स्वतःच नीट बसवून घेतली आणि बाईंना शेजारच्या दगडावर जागा करून दिली.

‘‘आधी ते घड्याळ पिशवीत ठेवा,’’ ती म्हणाली. ‘‘भरती लागायला सहा तास आहेत. मला तेव्हा उठावं लागेल, तोवर फुटलेल्या बांधापर्यंत येऊ, उरलेलं फळ्या मिटून आल्यावर.’’

आणि तिने डोळे मिटून गणपतीपासून सुरुवात केली.